आग्नेसआजींना केलेला नमस्कार

मंडळी, आज सकाळी माझ्यामुळे एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई जमिनीवर बसल्या.

ऑफिसच्या कामासाठी मी जर्मनीत आहे. इथल्या चर्चच्या तीन दिवसांच्या रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थना-शिबिरात, आग्नेसआजी माझ्या खोलीत होत्या. पुढच्या महिन्यात मी धारवाडला परतणार. पुन्हा भेट नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

निघताना सगळे मिठ्या मारत होते. मला ते जमत नाही. आजींनी हात पसरले आणि मी धारवाडच्या माळमड्डीतल्या घरच्या सवयीने त्यांच्या पायांशी वाकले. माझं काही पडलं असं वाटून त्याही खाली बसल्या आणि बाकाखाली शोधू लागल्या.

“काय हरवलं?”

“काही नाही. आमच्याकडे मोठ्यांचा निरोप असा घेतात.”

“मग मोठ्यांनी काय करायचं?”

“डोक्यावर हात ठेवायचा.”

त्यांनी ठेवला. बसचा हॉर्न दोनदा वाजला, तरी काढला नाही. मग स्वतःची मान खाली घातली. “आता तू ठेव.”

“लहानांनी ठेवायचा नसतो, आजी.”

“मग कधी ठेवणार? मी शंभरची झाल्यावर?”

मी ठेवला.

आपल्याकडे असं करत नाहीत, ठाऊक आहे. तुम्ही काय केलं असतं?