गट्टी तेल

बाबा गेल्यावर त्यांची गाडी चालवायची मी, आणि विकायची ठरवली थोरल्या भावानं, अण्णानं. मला विचारलं कुणी? छे! चामराजपेटेतून बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मी रोज त्याच गाडीनं जायची. नाहीतर दोन बस बदला, दारात लोंबकळा, कुणाचेही धक्के खा. ते दिवस मी भोगले होते, परत भोगणार नव्हते.

अण्णाचं पालुपद एकच. "केवढा खडखडाट! गल्लीत मान खाली घालायची वेळ येते. इंजिन संपलंय तिचं." रविवारी गिऱ्हाईक येणार, हेही त्यानं जेवताजेवता सांगून टाकलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इंजिन म्हातारं होतं, कबूल. सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. पण म्हणून काय लगेच उचलून भंगारात?

शनिवारी जे. सी. रोडला गेले, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात. गाडी दुकानाच्या दारात सुरूच ठेवली. दुकानदारानं चकचकीत डब्यातलं पातळ ऑइल पुढे केलं. "लेटेस्ट, मॅडम. आता सगळे हेच नेतात." मागच्या दोघा गिऱ्हाइकांनी न विचारता माना डोलावल्या. बाईमाणूस ऑइल घ्यायला आली की सल्ले फुकट! ते नव्या गाड्यांना ठीक. माझ्या इंजिनात झिजून फटी पडलेल्या, त्यांतून ते पाण्यासारखं निसटणार. मी ठणकावून म्हटलं, "गट्टी एण्णे कोडी." दाट तेल द्या.

त्यानं बाहेर खडखडणाऱ्या गाडीकडे बघितलं आणि हसला. "सौंडू गट्टी, एण्णेनू गट्टी!" कन्नडात दाट म्हणजे गट्टी, मोठा आवाज म्हणजे गट्टी आणि मजबूत म्हणजेही गट्टीच. आपल्या मराठीत गट्टी नुसती जमते. माझी त्या डब्याशी जमली.

गॅरेजात जुनं काळंकुट्ट ऑइल काढलं, हे भरलं. खडखड गेली का? खोटं कशाला बोलू, नाही गेली. कमी झाली, स्वल्प. पण लाल दिवा विझला तो विझलाच.

रविवारी गिऱ्हाईक आलं. एक कन्नड गृहस्थ, वयस्कर. मी इंजिन सुरू केलं, चांगलं तापू दिलं. त्यांनी बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, "गट्टी इदे."

"ऐकलंस?" अण्णा खूश. "आवाज मोठा आहे म्हणतायत."

"मजबूत आहे म्हणतायत."

शेवटी अण्णानंच त्यांना विचारलं, नक्की काय म्हणायचंय तुम्हाला?

"एरडू," ते म्हणाले. दोन्ही.

अण्णाचं तोंड बघण्यासारखं झालं. मी इंजिन बंद करून किल्ली कमरेला खोचली. "गाडी विकायची नाही. आणि आवाजाचं म्हणशील अण्णा, तर आता माझाही ऐकायची सवय कर."

सोमवारी सकाळी कामाला निघाले, ती गल्लीतून मुद्दाम सावकाश, काचा खाली करून.