आत्याबाई आणि जमादारांची रायफल

आमच्या आत्याबाईंना माणसं आवडत नसत, आणि ही गोष्ट त्यांनी कधी कुणापासून लपवली नाही. आमच्या भागात सासूला आत्याबाई म्हणतात. तर ही माझी सासू. लग्न होऊन मी माप ओलांडून आत आले, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारच्या बाईला सांगितलं, "सोलापूरची हाय. हिला ज्वारी आन् गवत एकच दिसायचं." ती बाई हसली. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या चेष्टा करत नव्हत्या, मत सांगत होत्या.

गाव तेरपासून दोन कोसांवर, तेरणेच्या काठी. घरात आम्ही दोघीच. माझे यजमान धाराशिवला शाळेत शिक्षक. सुट्टीला येत, आईशी शेताबद्दल बोलत आणि परत जात. मला तिकडं न्यायची गोष्ट त्यांनी एकदाच काढली. "ने की," आत्याबाई म्हणाल्या, "मग राखणीला तू येऊन बस." विषय तिथंच संपला. मी त्या बाईचा मनापासून राग करू लागले, तो त्या दिवसापासून.

राखण म्हणजे हरणांपासून राखण. नदीकडच्या पट्टीत आमचा हरभरा असे. उजाडता उजाडता काळविटांचा कळप माळावरून उतरायचा आणि कुणी हाकलेपर्यंत वाफेच्या वाफे साफ करायचा. लव्हाळ्यातून रानडुकरं यायची ती वेगळीच. शेजारचं शेत आत्याबाईंच्या धाकट्या दिराचं. त्यांना सगळे आबा म्हणत. दर सुगीला आबा बांधावर येऊन उभे राहायचे आणि गोड आवाजात म्हणायचे, "वहिनी, बाईमाणसाच्यानं राखण व्हत न्हाई. पट्टी मला बटईनं द्या, निम्मं पीक घ्या आन् सुखानं बसा." आत्याबाईंनी एक दिवस पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचं लायसन्स मागितलं. कचेरीतल्या लोकांनी त्यांना पुष्कळ वेळा परत पाठवलं. त्या परत जात नसत, पायरीवर बसत. शेवटी त्यांना उठवण्यासाठी म्हणूनच ते लायसन्स मिळालं असावं.

बंदूक त्यांना नवी नव्हती. मामंजींना शिकारीचा नाद होता, आणि त्यांची बारा बोअर साफ करणं, भरून देणं ही कामं आत्याबाईंची. मी मामंजींना पाहिलं नाही. निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षी गावावर एक टोळी दिवसाढवळ्या चालून आली आणि मामंजी खळ्यावरच मारले गेले. बारा बोअर टोळीबरोबर गेली. आत्याबाई हे कधी सांगत नसत. मला ते गावातल्या बायकांनी सांगितलं, विहिरीवर.

विकाऊ रायफल होती तेरच्या जमादारांकडं. ते जुन्या राजवटीत जंगल खात्यात जमादार होते. विलीनीकरणानंतर नोकरी गेली, बंदूक सरकारजमा झाली, मग बऱ्याच खेपा घातल्यावर ती परत मिळाली. तोवर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मुलगी हैदराबादला दिलेली, बायको वारलेली. आत्याबाई त्यांचं नाव निघालं की तोंड फिरवीत. तरी एका सकाळी त्यांनी बैलगाडी जुंपायला सांगितली आणि मला म्हणाल्या, "चल. एकटी घरात बसून काय दिवे लावणार हायेस?"

जमादार ओसरीवर बाजेवर बसले होते. उंच, वाळलेले, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी "या" म्हटलं नाही, आत्याबाईंनी वाट पाहिली नाही. रायफल खुंटीवर होती. तशी बंदूक मी पूर्वी पाहिली नव्हती. घोड्याच्या खाली दाराच्या कडीसारखी लोखंडी कडी; ती खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर उडायचं आणि नवं आत बसायचं. एका इंग्रज इंजिनिअरनं मायदेशी जाताना ती जमादारांना विकली होती. आत्याबाईंनी ती मांडीवर घेतली, कडी ओढून पाहिली, नळीला डोळा लावून आभाळाकडं बघितलं. मग कनवटीतून मऊ शिशाचा गोळा काढला, तो काठीनं ठोकत नळीतून पार केला आणि नळीतल्या आट्यांच्या त्याच्यावर उठलेल्या रेघांवरून अंगठा फिरवीत म्हणाल्या, "नळी झिजलीय."

"वापरलीय," जमादार म्हणाले. "झिजणं निराळं, बाई. किती तरी हरणं मारलीत हिनं. एकदा बी दगा दिला न्हाई."

"हरणंच मारली. माणसं चालून आली तवा ही कुठं व्हती?"

मी गाडीवानाकडं पाहिलं. तो बैलांकडं बघत होता.

"त्या दिवशी इथंच खुंटीवर व्हती," जमादार म्हणाले. "आन् मी खाली बसलो व्हतो. खबर आली व्हती मला. दोन कोसांवर काय चाललंय ते मला ठावं व्हतं. न्हाई उठलो."

"न्हाई उठला."

"न्हाई. आन् नंतर राजवट पालटल्यावर बदला घ्यायच्या दिवसांत माझ्या भावाला ओढून नेलं, तवा तुमच्या गावातनं कोण आलं, बाई?"

"कोण न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

किंमत मग लगेच ठरली, कारण एकमेकांसमोर जास्त वेळ बसायची कुणाचीच इच्छा नव्हती. भांडण झालं ते साच्यावरून. त्या रायफलीची दुकानातली काडतुसं मिळेनाशी झाली होती. रिकामं काडतूस घ्यायचं, घरी ओतलेली शिशाची गोळी बसवायची आणि पुन्हा वापरायचं, एवढाच मार्ग होता. गोळी ओतायचा साचा जमादारांच्या वडिलांच्या वेळचा. तो द्यायला ते तयार होईनात.

"बंदूक न्या. साचा इथंच राहील. तुमच्या पोटात राग किती हाय ते मला दिसतंय. आज हरणावर, उद्या दिरावर. गोळ्या माझ्याकडनं न्यायच्या आन् रिकामी काडतुसं परत आणून दाखवायची."

"म्हंजे मी सारखं तुमचं तोंड बघायचं?"

"मला बी तुमचं बघावं लागंलच की."

आत्याबाईंनी रायफल गोधडीत गुंडाळली. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "माणूस हलकट हाय, पण बंदूक निगुतीनं ठेवलीय."

त्यानंतर आम्ही अधूनमधून तेरला जाऊ लागलो. परसात चूल पेटलेली असे. जमादार लोखंडी पळीत शिसं वितळवीत. नुसतं शिसं मऊ पडतं आणि नळीला धरतं, म्हणून त्यात सोलापूरच्या छापखान्यातले झिजलेले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, टाकीत. उलटी अक्षरं त्या पळीत हळूहळू विरघळताना मी बघत बसे. आत्याबाई समोर दगडावर बसून चुका काढीत. "साचा तापला न्हाई अजून. गोळीला सुरकुत्या पडल्यात." जमादार गोळी डोळ्यांजवळ नेत, नखानं चाचपत आणि पुन्हा पळीत टाकीत. मग ते विचारीत, "कुठं लागली?" "खांद्यामागं." "पळालं?" "न्हाई." ख्यालीखुशाली नाही, चहा नाही. काडतुसात भरायची दारू ते कुठून आणत हे त्यांनी सांगितलं नाही. तेरखेड्याला शोभेची दारू करणारे लोक आहेत, तिकडं त्यांची ओळख असावी. काडतुसं भरून द्यायचा परवाना मात्र त्यांच्याकडं नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

आत्याबाईंचा नेम चांगला होता. पण एक जनावर पडलं की कळप बरेच दिवस फिरकत नसे, म्हणून त्या गोळी जपून वापरीत. मटण त्या सुगीच्या बायकांना वाटून टाकायच्या. एकदा त्यांनी माझ्या हातात रायफल दिली. मी उडवली आणि दस्त्यानं खांद्यावर असा दणका दिला की डोळ्यांत पाणी आलं. "रडायचं असंल तर घरात जाऊन रड," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या गोधडीचा एक तुकडा कापला, त्याची जाड घडी शिवली आणि माझ्या खांद्यावर पदराखाली ठेवली. शिवताना मला शिव्या घालणं चालूच होतं.

त्या वर्षी हरभरा भरघोस आला. आबा बांधावर आले, पीक पाहून गेले, या वेळी बटईचं नाव काढलं नाही. दोन आठवड्यांनी तेरहून निरोप आला की जमादारांच्या घरावर पोलीस आले, साचा, शिसं आणि दारू सापडली, आणि त्यांना ठाण्यात नेलंय. कुणीतरी अर्ज केला होता की जुन्या सरकारचा माणूस चोरून दारूगोळा साठवतोय. त्या काळात एवढं वाक्य पुरेसं होतं. अर्ज कुणी केला हे आबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गावातले लोक म्हणाले, बरं झालं. मला वाटलं, आत्याबाईही तेच म्हणतील.

त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या. सूप त्यांनी खाली ठेवलं, रायफल काढली आणि म्हणाल्या, "गाडी जुंपायला सांग."

ठाण्यात जमादार भिंतीशी खाली बसले होते. टोपी डोक्यावर नव्हती. फौजदारांनी आत्याबाईंना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. टेबलावरच्या साच्याकडं बोट करून त्या म्हणाल्या, "हा साचा माझा हाय. त्यांच्याकडं ठिवला व्हता. गोळ्या मी करून घेतल्या, दारू मी आणवली. बंदूक माझी, लायसन माझं. लिवून घ्या."

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं. फौजदार सावकाश बोलले, "काकू, तुमच्या मालकांचं काय झालं ते आम्हाला माहीत आहे. तुम्ही या माणसाची बाजू का घेता?"

"बाजू न्हाई घेत. काय असंल ते सांगतीय."

तेवढ्यात भिंतीशी बसलेले जमादार म्हणाले, "साचा माझ्या बापाचा हाय, साहेब. ह्या बाईचा न्हाई."

"गप बसा, जमादार."

"का गप बसू? माझ्या बापाची चीज हाय."

फौजदारांनी दोघांकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं असं मला वाटतं. पण टोळीनं नवरा मारलेली बाई समोर उभी राहून सांगतेय, तिला खोटं कोण ठरवणार. त्यांनी तिचं लिहून घेतलं. जमादारांना दम देऊन सोडलं. साचा जप्त झाला, लायसन्स गेलं, आणि रायफल आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवली. ठेवताना कडी ओढून आत काही नाही ना, ते पाहिलं.

परतीची वाट तेरवरूनच. आत्याबाई जमादारांना म्हणाल्या, "मागं बसा." ते मागं बसले आणि भांडण सुरू झालं. "माझ्या बापाचा साचा तुम्ही सरकारात घातला." "आन् तुमच्यापायी माझी बंदूक गेली." "मी म्हणलं व्हतं का या म्हणून?" "न्हाई म्हणला. तुमी कधी कुणाला म्हणणार?" दोघंही पाठमोरे, एक पुढं तोंड करून, एक मागं. घर आलं तसे जमादार उतरले आणि मागं न बघता आत गेले.

गाडी गावाबाहेर पडल्यावर मी धीर करून विचारलं, "आत्याबाई, तुम्ही का गेलात?"

"त्या दिवशी तू आला न्हाईस, असं त्या माणसाला इतकी वर्सं मनात म्हणत आले," त्या म्हणाल्या. "आज मी घरात बसले असते, तर उद्यापास्नं कोणत्या तोंडानं म्हणले असते?"

पुढच्या साली हरणांनी हरभरा ठेवला नाही. त्याच्या पुढच्या साली पट्टी आबांकडं बटईनं गेली. आबा गोड बोलले, आत्याबाई बांधावर उभ्या राहून पाठ करून ऐकत राहिल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "जा आता धाराशिवला. राखायला काय उरलंय इथं?" मी गेले. ज्या गोष्टीसाठी मी इतके दिवस झुरत होते ती अशी मिळाली, आणि बस सुटली तेव्हा मला आनंद व्हायचा तेवढा झाला नाही. त्या निरोप द्यायला थांब्यावर आल्या होत्या. हात हलवला नाही. बस हलताना म्हणाल्या, "पदर नीट घे, दारात अडकंल."

काही वर्षांनी गुडघे धरले तेव्हा त्या आमच्याकडं आल्या. धाराशिवही त्यांना आवडलं नाही. नळाचं पाणी त्यांना बेचव लागायचं, शेजारीण बोलघेवडी, नातवंडं नाजूक. जमादारांचं नाव त्या घेत नसत; तेरला त्या ठाण्याच्या दिवसानंतर पुन्हा गेल्या नव्हत्या. एका दुपारी तेरहून आलेल्या भाजीवाल्यानं बोलता बोलता सांगितलं की जमादार वारले, चार दिवस झाले.

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. बोटं थांबली नाहीत. भाजीवाला गेल्यावर त्यांनी विचारलं, "जवळ कोण व्हतं का त्यांच्या?"

मला माहीत नव्हतं. "इचारून ये," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कुणी त्या बाजूचं भेटलं की विचारायचं. पण त्यांनी निवडलेले तांदूळ बाजूला सारले, उठल्या आणि माझ्या हातात पिशवी दिली. मी बसनं तेरला गेले. ओसरीवर बाज उभी करून ठेवली होती. शेजारच्या घरातली म्हातारी बाई म्हणाली, मुलगी हैदराबादहून आठ दिवस आधी आली होती, तिचा मुलगाही होता, शेवटच्या घटकेला त्याच्या मांडीवर डोकं होतं.

संध्याकाळी परत येऊन मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. मला वाटलं, ऐकत नाहीत. "नातवाच्या मांडीवर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "उभी काय राहिलीस? पाय धू आन् च्या ठेव. दोघींचा ठेव."