पायरीवरची बाई आणि माझा उतारा

घोडपदेवला आमच्या चाळीच्या हॉलमध्ये दर शनिवारी मी मुलांना धड्यातल्या खुणांवरून पुढचं ओळखायला शिकवतो. त्यासाठी लागणारी अक्कल माझ्याकडे उपजतच आहे, असा माझा समज होता. दारातल्या पायरीवर एक बाई सुका जवळा निवडत बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिनेही माझ्या ज्ञानदानाकडे कधी मान वळवली नाही.

एकदा मी स्वतः रचलेला उतारा फळ्यावर लिहिला : 'बाबांनी पिशवी उचलली. "जातो," म्हणाले आणि चपला घातल्या.' आता पुढे काय होईल?

"बाजारात जातील!" पोरं ओरडली. एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "बाबा परत येणार नाहीत."

"कशावरून? खूण दाखव," मी विद्वानासारखं दटावलं. तिचे डोळे भरून आले.

जवळ्यातली बोटं थांबली. "ओ मास्तर, परत येणारा माणूस 'येतो' म्हणून निघतो. तुमचा बाबा 'जातो' म्हणालाय. पोरीने बरोबर वाचलंय."

मराठीत एम.ए. झालेल्या मी मुकाट्याने 'जातो' पुसलं आणि 'येतो' लिहिलं.

मुलीने नाक पुसलं. "आता येतील," ती म्हणाली.