न बघितलेलं आकाश

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी मी दोन महिने निमगाव केतकीला आत्याकडं राहिले. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि माझं काम लॅपटॉप असला की कुठंही चालायचं. दुर्बिणीनं केलेल्या आकाशाच्या पाहणीत लाखो दीर्घिकांच्या जागा नोंदलेल्या असतात. त्या किती घोळक्यानं राहतात, हे मी मोजत होते. त्यासाठी संगणकावर तेवढ्याच आकाशात वाटेल तसे ठिपके विखरायचे आणि त्यांच्यापेक्षा खऱ्या दीर्घिका एकमेकींजवळ किती जास्त सापडतात ते बघायचं.

माझ्या आलेखात फार लांबच्या अंतरापर्यंत घोळके दिसत होते. असं आजवर कुणाला दिसलं नव्हतं. आठवडाभर मी हवेत होते. गाईडना मेलही लिहून ठेवला होता, फक्त पाठवायचा बाकी होता.

आत्या गावची आशा सेविका. तिच्या जागी तात्पुरती आलेली बाई एका सकाळी सर्वेचं रजिस्टर दाखवायला आली. आत्यानं दोन पानं चाळली आणि चष्मा काढला.

"ह्या वस्तीत सात घरात माणूसच न्हाय?"

"कुलूप हुतं, ताई."

"मग शून्य कसं लिवलंस? रानात गेली असतील माणसं. न्हाय म्हणणं येगळं आन बघितलं न्हाय म्हणणं येगळं. घर बंद, असं लिव."

मी चहा तसाच ठेवून उठले. ठळक ताऱ्यांच्या झगमगाटात मागच्या दीर्घिका दिसतच नाहीत. माझ्या यादीत त्या जागा रिकाम्या होत्या, आणि ठिपके मात्र मी तिथंही टाकले होते, म्हणून बाकीच्या दीर्घिका उगाचच जास्त घोळक्यानं दिसत होत्या. त्या जागा वगळून संध्याकाळपर्यंत पुन्हा मोजलं. लांबचे घोळके गेले. उरला तो चारचौघांसारखा आलेख.

मला रडूच कोसळलं. आत्या वॉकर टेकत आली. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी माझ्या बोलण्यानं गेलं व्हय गं?"

"नाही आत्या, चूक माझीच होती."

"पैल्या वर्षी मीबी बंद घरांफुडं शून्य लिवलं हुतं, आख्खी गल्ली परत फिरावी लागली हुती," ती म्हणाली. "लई लाज वाटली हुती. चल, आधी जेव."

दुसऱ्या दिवशी दोन्ही आलेख गाईडना पाठवले. त्यांनी लगेच फोन केला. "छापायच्या आधी सापडलं ना? मग झालं तर."

प्रबंधात त्या वगळलेल्या जागांवर एक आख्खं प्रकरण आहे. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले, आणि मी एकाही उत्तराला अडखळले नाही.