नाव त्याचं, तारीख आजची

नोकरीत पाहिलेले खून आणि दरोडे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला कुठल्या ठाण्याचा, हे सांगताना मी अडखळतो. पण रक्ताचा थेंबही न सांडलेली एक घटना मला अजून जशीच्या तशी आठवते. तेव्हा मी बीदरला निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. त्या प्रकरणातली माणसं याच भागात नांदत आहेत, म्हणून कुणाचंही नाव लिहीत नाही.

सकाळची हजेरी चालू असतानाच शहरालगतच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याचे व्यवस्थापक ठाण्यात आले. औषध बनवण्याच्या त्यांच्या गोपनीय कृतीची पानं बाजारात फिरत होती. कच्च्या मालाच्या एका दलालाने जुन्या ओळखीखातर त्यांना खबर दिली होती आणि पुरावा म्हणून एका पानाचा फोटोही पाठवला होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी, फिकट अक्षरं होती.

"हा आमचा बंदोबस्त," ते म्हणाले. कुलूपबंद फाईल ज्याच्या खात्यातून उघडेल, त्याचं नाव, हुद्दा, त्या दिवसाची तारीख आणि वेळ प्रत्येक पानावर आपोआप उमटायची. उद्या उघडली की उद्याची तारीख. वॉटरमार्कच तो, पण दर वेळी बदलणारा. कुणी फोटो काढलाच, तर चोराचं नाव फोटोतच येणार.

"मग नाव आलंय की. आणा त्याला," मी म्हणालो.

व्यवस्थापकांनी घाम पुसला. "साहेब, हा आमचा इंजिनिअर. हुमनाबाद रस्त्यावर अपघातात गेला. आणि पानावरची तारीख तो गेल्यानंतरची आहे."

आमच्या हेड कॉन्स्टेबलला अशा वेळी गप्प बसवत नसे. "साहेब, समन्स कुठल्या पत्त्यावर धाडायचं?" तो म्हणाला. ठाणं हसलं. मीही हसलो, नंतर त्याला दटावलं.

भुताखेतावर माझा विश्वास नाही, कार्यालयांच्या ढिलाईवर मात्र पूर्ण आहे. फिर्याद नोंदवून घेतली आणि चौकशी सुरू केली. मयताचं नाव कारखान्याच्या हजेरीतून लगेच कमी झालं होतं, पण संगणक विभागाला ते कुणी कळवलंच नव्हतं. त्यामुळे त्याचं खातं चालू होतं आणि लॅपटॉप त्याच्या गावी, ठाणाकुशनूरला, राहिला होता. घरात मोठी बहीण एकटी. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच दुसऱ्याच्या शेतात राबून त्याला शिकवलं होतं. गावात तिला सगळे अक्काच म्हणत.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो. महिला कॉन्स्टेबलला आणि हेड कॉन्स्टेबलला घेऊन मी गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. फळीवर बुद्धाची मूर्ती आणि शेजारी धुतलेल्या फडक्याखाली झाकलेला लॅपटॉप. मी सवयीने कन्नडमधून सुरुवात केली. तिने मराठीत उत्तर दिलं.

"बसा की साहेब. उभ्यानं कामून बोलायलाव? चहा टाकते."

माझं गाव दुबलगुंडी. लहानपणी घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी उर्दू. नोकरीत सगळे पंचनामे कन्नडमध्ये लिहिले आणि मराठी उरली ती बायकोशी बोलण्यापुरती. परक्या घरात ते 'कामून' ऐकलं आणि मी मुकाट्याने बसलो.

"हे मशीन कोण उघडतं?" मी विचारलं.

"मीच उघडते. घरात दुसरं कोण हाय?"

"त्याचा पासवर्ड कसा ठाऊक?"

"जेवता जेवता सांगायचा ना, अक्का, माझा हात खरकटा हाय, तेवढं चालू कर. तवाच शिकले." तिने फडकं काढून त्याची नीट घडी घातली. "सकाळी वंदना झाली की रोज उघडते."

"कागद वाचायला?"

"सातवी शिकलेय मी साहेब. विंग्रजी मला कुठलं यायला? त्याचं नाव तेवढं वळखते. त्यानंच शिकवलंय."

तिने फाईल उघडली. यंत्राने वेळ घेतला, मग पान आलं. तिने तिरक्या अक्षरांखालून बोट फिरवलं.

"हे बघा. नाव त्याचं अन् तारीख आजची. घड्याळबी आताचं. फोटू हाय त्याचा, पण फोटूतला जुना हाय. ह्यात तो आज हाय. आत्ताच ड्यूटीवर चढल्यावानी वाटतंय की न्हाई?"

आमचा हेड कॉन्स्टेबल उठून अंगणात गेला. मी पुढचा प्रश्न विचारला, कारण तो विचारणं माझं काम होतं. "हे कुणाला दाखवलंत?"

"त्याच्या वाढदिवसाला स्टेटसला ठेवलं हुतं. सगळेच ठेवतात की गेलेल्या माणसाचं. मंग त्याच्या दोस्ताचा मेसेज आला."

हा दोस्त पूर्वी त्याच कारखान्यात होता. आता कलबुर्गीकडे दुसऱ्या औषध कंपनीत मोठ्या जागेवर लागला होता. भाऊ असताना सुटीला तो याच घरी यायचा आणि अक्काच्या हातचं जेवायचा. तिने फोन माझ्यापुढे धरला. दोस्ताने लिहिलं होतं, 'अक्का, फोटो हलला आहे. सगळ्या पानांचे साफ फोटो काढून पाठव. त्याच्या नावाची मोठी फ्रेम करून आणतो.' खाली एकामागून एक सगळी पानं तिने पाठवली होती. उजेड चांगला यावा म्हणून लॅपटॉप अंगणात बाजेवर ठेवून फोटो काढले होते. बाजेचं सूत कडेला दिसत होतं.

"फ्रेमचं काम चालूच हाय म्हणतोय. घाई करू नको म्हणतोय," ती म्हणाली. तिला अजून काहीच कळलेलं नव्हतं. सांगितलं तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आमच्या ताटात जेवलाय हो तो."

लॅपटॉप जप्त करणं भाग होतं. मोहोर लावताना तिने विचारलं, "परत कवा देताव?" न्यायालयाच्या आदेशानंतर, असं मी सांगितलं. ते उत्तर मी हजारो लोकांना दिलं असेल. त्या दिवशी ते देताना मला फार वाईट वाटलं.

दोस्ताला ठाण्यात बोलावलं. माणूस तयारीचा होता. स्टेटस तर सगळ्यांनी पाहिलं, मी फोटो मागितले ते मित्राच्या आठवणीसाठी, बाजारात कुणी फिरवले मला काय माहीत, असं तो सुरेख बोलत राहिला. मी त्याला पूर्ण बोलू दिलं. चौकशीत आवाज चढवून फारसं काही हाती लागत नाही, हा माझा अनुभव. तो थांबल्यावर मी एकच विचारलं.

"फ्रेम कुठाय?"

त्याने दाराकडे पाहिलं.

"कुठल्या दुकानात टाकलीय? काचेची का लाकडी? चल, आत्ता घेऊन येऊ."

त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने सगळं बाहेर आलं. नव्या मालकांपुढे आपलं वजन वाढावं, म्हणून ती पानं त्याने कुठे कुठे दाखवली, ते सगळं त्याने सांगितलं. पानावरचं नाव पुसावंसं वाटलं नाही का, असं विचारलं तेव्हा म्हणाला, "गेलेल्या माणसाला कोण विचारणार होतं, साहेब?" माझा हात शिवशिवला. तो मी टेबलाखाली ठेवला.

व्यवस्थापकांचा हट्ट होता की अक्कालाही आरोपी करा, फाईल तिनेच उघडली. मी त्यांना सांगितलं, "खातं उघडं ठेवलं तुमच्या कार्यालयाने. मग आधी तुमचं नाव लिहू?" त्यांचा आवाज खाली आला. तिचा हेतू वाईट नव्हता, असा अहवाल मी वरिष्ठांना पाठवला आणि तिला साक्षीदार केलं.

पुढे ती स्वतःहून पुरवणी जबाबाला बीदरला आली, तेव्हा लॅपटॉपची तपासणी संपली होती आणि तपासासाठी चालू ठेवलेलं ते खातं कारखाना त्याच दिवशी बंद करणार होता. मी तिला ते सांगितलं. जबाब देऊन झाल्यावर तिने विचारलं, "म्हंजे आता त्याचं नाव कवाच येणार न्हाई?"

मी कारखान्याच्या संगणक विभागप्रमुखांना आधीच एक विनंती करून ठेवली होती. व्यवस्थापकांची परवानगीही घेतली होती. विभागप्रमुख फार बोलणारे नव्हते. खातं बंद करण्याआधी त्यांनी त्यात एक कोरी फाईल तयार केली, तिला नेहमीसारखं कुलूप लावलं, उघडली आणि छापली. कृती नाही, आकडे नाहीत. पांढऱ्या पानावर तिरकं एक नाव, हुद्दा, तारीख आणि वेळ. ते पान घेऊन ते स्वतः ठाण्यात आले.

'समन्स कुठल्या पत्त्यावर' म्हणणाऱ्या आमच्या हेड कॉन्स्टेबलने खणातून एक फ्रेम काढली. सकाळीच बाजारातून आणली होती, कुणाला न सांगता. त्याने पान बसवलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं.

तिने काचेवरून पदर फिरवला. "लई झाक आलंय," म्हणाली. मग बोट तारखेवर थांबलं. "ही आता हितंच थांबणार, व्हय?"

"व्हय, अक्का," मी म्हणालो. भर ठाण्यात माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

ती फ्रेम मांडीवर घेऊन गावाकडे जाणाऱ्या औरादच्या बसमध्ये बसली. दोस्तावर पुढे आरोपपत्र गेलं. पूर्वी मी प्रत्येक गुन्ह्यात यात कुणाचा फायदा, एवढंच शोधायचो. त्यानंतर उरलेल्या नोकरीत कुणाच्या घरी गेलो, तर त्या घरात कोण नाही, हेही विचारायला लागलो. त्यामुळे बरीच प्रकरणं सोपी झाली.

निवृत्तीनंतर माझी बायको गेली. मुलं बेंगळुरूला. आता घरात 'कामून' म्हणणारं कुणी नाही. गॅसचं कनेक्शन तिच्या नावावर आहे. एजन्सीचा माणूस दर वेळी सांगतो, "साहेब, नाव बदलून घ्या, एक अर्ज अन् दाखला लागतोय." नियम मला ठाऊक आहे, लोकांना आयुष्यभर तेच सांगत आलो. पुढच्या महिन्यात बघू, म्हणतो. सिलिंडर बुक केला की फोनवर संदेश येतो. त्यात तिचं नाव असतं आणि त्या दिवसाची तारीख.

पण एकट्या माणसाचा सिलिंडर लवकर संपत नाही. म्हणून हल्ली मी चहा जरा जास्तच वेळा टाकतो.