देव बाहेर असताना

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. घरात त्या सिस्टरचा विषय निघाला की मी उठून गोठ्याकडे जायचो. आता गोठ्यात जनावरंही उरली नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं गाव गुंदच्या पुढे, जंगलात. उपकेंद्र होतं, म्हणजे दोन खोल्या आणि एक सिस्टर. ती हल्याळकडची. तिच्याकडे खरं तर तीन उपकेंद्रं होती, कारण बाकी दोन ठिकाणी यायला कुणी तयार नव्हतं. उपकेंद्राच्या वरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरची खुर्ची होती, डॉक्टर नव्हता. अ‍ॅम्ब्युलन्स एकच, ती बहुधा दुसऱ्या कुणाला घेऊन दांडेलीला गेलेली. ही बाई पावसाळ्यात जळवांसाठी मिठाची पुरचुंडी कमरेला खोचून वाड्या चालत फिरायची.

त्या वर्षी जत्रा कमिटीचा अध्यक्ष मी. शेजारच्या गावच्या जत्रेत दवाखान्याचा मंडप लागला होता, मग आपल्याकडे का नको? मी तिला आणून देवळापुढच्या मंडपात बसवलं आणि माईकवाल्याला सांगायला लावलं, 'भाविकांसाठी वैद्यकीय सोय केलेली आहे.' सोय म्हणजे ती, एक टेबल आणि प्रेशर बघायचं मशीन. काहीही झालेलं नसताना सगळे पाहुणे हात पुढे करून बसले होते.

पालखी निघाली आणि वरच्या वाडीवरून निरोप आला. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या होत्या. सिस्टर पिशवी उचलून माझ्याकडे आली. वयानं मोठ्या माणसांना ती कानडीत अज्जा म्हणायची, म्हणजे आजोबा.

"अज्जा, तुमची जीप द्या. जाऊन येते."

"पालखी येऊ दे की आधी."

"तिला रक्त कमी हाय. रामनगरला नेऊन ठेवा म्हणून कवापासनं सांगत होते. ऐकलं न्हाई कुणी."

"आमच्या बायका भाताच्या शेतात बाळंत झाल्या, बाई. तू बस."

"जीप नको तर चालत जाते."

तेव्हा मी ते बोललो. देव बाहेर असला की मानकऱ्यांनी मांड सोडायचा नाही, देवळापुढच्या त्या जागेवरून हलायचं नाही, अशी आमची रीत. ती आम्हा मानकऱ्यांपुरती. नर्सला ती लागू नाही हे मला ठाऊक होतं. तरी चारचौघांत आवाज चढवून म्हणालो, "देव बाहेर हाय. मांडावरनं उठलीस आणि काय वाईट झालं, तर गाव तुला धरंल."

एकटी बाई, परगावची, आमच्यातच राहायचं तिला. बसली.

देव आत गेल्यावर ती धावत निघाली. जीप मी तेव्हाही दिली नाही, तीत पाहुण्यांचं सामान होतं. ती पोचली तेव्हा मूल जन्मलं होतं आणि आई रक्त जाऊन संपली होती. रक्त थांबवायचं औषध, पालखी फिरत होती तेवढा वेळ, टेबलाखाली तिच्या पिशवीत होतं.

चौकशीला साहेब आले. उपकेंद्रापुढे गाव जमलं. मेलेल्या पोरीचा बाप नुसता उकिडवा बसून होता. सगळ्यांआधी तोंड उघडलं ते मी.

"सरकारचा पगार घेता, मग अडल्या वेळी जागेवर का न्हाई?"

लोकांना तेवढंच पाहिजे होतं. सगळे एकदम तिच्यावर तुटून पडले.

ती म्हणाली, "मला जत्रेत बसवून ठेवलं होतं."

"कुणी?" साहेबांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही. मी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची घडी घातली आणि म्हणालो, "देवाला आली असंल. जत्रंला कोण येत न्हाई?"

मंडपात होते ते सगळे तिथंच उभे होते. एकाला खोकला आला. बाकी कुणाला काही आलं नाही.

साहेबांनाही ते बरं पडलं. तीन केंद्रांना एकच बाई का, डॉक्टर कुठे, याची उत्तरं देण्यापेक्षा एका बाईला दोषी धरणं सोपं. तिला निलंबित केलं, मग कुठेतरी लांब पाठवलं. उपकेंद्राला कुलूप लागलं. पुढे ज्याला ताप आला त्यानं त्या कुलपासमोर उभं राहून शिव्या तिलाच दिल्या. मीही दिल्या.

गेल्या वर्षी छातीत दुखलं म्हणून रामनगरला दवाखान्यात गेलो. दारापर्यंत रांग. पुढे टेबल, टेबलाशी ती. केस पिकलेले. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या. एक ट्रकवाला तिच्यावर ओरडत होता, "किती येळ लावता, बाई? झोपलाय व्हय?" ती खाली मान घालून काम करत होती. रांगेत उभ्या उभ्या मी एक वाक्य जुळवलं.

तिनं माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. माझ्या तोंडाकडे पाहिलं, हात थांबला.

"यंदा जत्रा कशी झाली, अज्जा?"

"बरी झाली."

"सिस्टर कुणाला बसवलं?"

"न्हाई कोण. गावात सिस्टरच न्हाई आता."

तिनं मान हलवली. पट्टा सोडला.

"प्रेशर लई हाय. मीठ कमी करा."

मी तोंड उघडलं. मागच्यानं खांद्याला ढोसलं, "चला ओ आजोबा, आमालाबी कामं हायत." मी उठलो.

जुळवलेलं वाक्य एवढंच होतं: बाई, तुम्हाला मी बसवून ठेवलं होतं, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, मला माफ करा.