पाटावर कोण बसणार

मला कुणाच्या साड्यांचा, दागिन्यांचा किंवा नव्या फ्लॅटचा फारसा हेवा वाटत नाही. मला हेवा वाटतो तो बसलेल्या माणसांचा. ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर पाय हलवत बसलेली कॉलेजची पोरं, गोणपाटावर फतकल मारून मेथीच्या जुड्या लावणारी भाजीवाली, स्टाफरूममध्ये खुर्चीत रेलून डबा खाणाऱ्या माझ्या सहकारी. आपण बसलोय हे त्यांच्या गावीही नसतं, आणि मला राग येतो तो त्याचाच जास्त.

अडीच वर्षांपूर्वी दहावीचे पेपर तपासायला घेतले होते. गठ्ठा लवकर हातावेगळा करायचा म्हणून दोन दिवस खुर्चीतून हलले नाही. तिसऱ्या दिवशी बसले, तर खाली निखारा ठेवल्यासारखं झालं. उठलं की विझायचं, बसलं की पुन्हा पेटायचं. जागा सांगायची तर दोन मांड्यांच्या मध्ये, जरा मागे, डावीकडे. आज मी हे लिहिते आहे, पण तेव्हा पंचवीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या या बाईला ते नवऱ्यासमोरही बोलता आलं नाही. मी म्हटलं, कंबर दुखते.

त्या एका थापेने माझं दीड वर्ष खाल्लं. कंबर म्हटल्यावर कंबरेचे डॉक्टर, कंबरेचा एमआरआय, कंबरेला पट्टा. पट्टा आवळून मी शाळेत उभ्याने शिकवायचे. "बघा, बाई वर्गात कधी बसत नाहीत," असं मुख्याध्यापिका नव्या शिक्षिकांना सांगायच्या, आणि मी मान खाली घालून ते कौतुक गिळायचे.

घरीही तेच. डोंबिवलीला आमच्याकडे गणपती असतो, आणि टिटवाळ्याहून धाकटे दीर-जाऊ आदल्या दिवशीच येतात. ही माझी जाऊ आली की हॉलमध्ये सतरंजी पसरते, मांडी घालते, परात पुढ्यात ओढते आणि दुपारपर्यंत मोदक वळत बसते. "ताई, जरा सारण द्या," "ताई, तुपाची वाटी कुठंय," असं बसल्या जागेवरून चालू. तिचे गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिला कुणी उठवायचं नाही असा आमच्याकडे नियमच झालेला. मी ओट्याशी उभी. तिची ती ऐसपैस मांडी पाहून माझा असा जळफळाट व्हायचा की एका वर्षी मी मुद्दाम सारणात वेलची कमी घातली. मोदक तिच्या हातचे म्हणून सगळे वाखाणायचे, ते मला सहन होत नव्हतं. त्याही वर्षी वाखाणले.

मग मुलीचं लग्न ठरलं. याद्या करायला गुरुजी घरी आले. हॉलमध्ये सगळे बसले होते आणि मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. गुरुजींनी विचारलं, "कन्यादानाला कोण बसणार? तासभर तरी पाटावर बसावं लागेल हं." मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "भाऊ आणि भावजय बसतील. हिला कंबरेचं आहे ना." त्याने ते माझ्या काळजीनेच म्हटलं होतं, मला ठाऊक आहे. आणि जाऊ सतरंजीवरून म्हणाली, "बसेन की. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! माझ्या एकुलत्या एक मुलीचा हात जावयाच्या हातात द्यायचा, तो हिने. मी तिथे लग्नाला आलेल्या बायकांसारखी उभी राहून अक्षता टाकायच्या. त्या संध्याकाळी मी सगळ्यांचे कप विसळताना दोन फोडले.

दुसऱ्या दिवशी मी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले आणि डोळे मिटून खरी जागा सांगितली. त्यांनी तपासलं, बसलं की दबणारी प्युडेंडल नावाची नस दुखावली आहे असं सांगितलं आणि ठाण्यात माजिवड्याच्या एका फिजिओथेरपिस्टच्या नावे चिठ्ठी दिली.

ती फिजिओ माझ्या मुलीच्या वयाची निघाली. चाकाच्या छोट्या स्टुलावर एक पाय दुमडून बसायची. पहिल्या दिवशी ती काय बोलते यापेक्षा तो दुमडलेला पायच मी जास्त बघत होते. मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं की मोबाइलवर बघून रोज शंभर वेळा खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करते. तिने कपाळाला हात लावला.

"काकी, तुमचं आधीच सगळं आवळलेलंय. दिवसभर मूठ घट्ट धरून फिरताय तुम्ही. वरून शंभर वेळा अजून आवळताय! आपल्याला सोडायला शिकायचंय."

तपासण्याआधी ती प्रत्येक वेळी विचारायची, हातमोजे घालायची आणि छताकडे बघत श्वास सोडायला सांगायची. लाज तिसऱ्या खेपेपर्यंत टिकली, मग लाजेचाही कंटाळा आला. घरी गुडघे छातीशी घेऊन पडायचं, पोट सैल सोडून श्वास घ्यायचा, मधे खाच असलेल्या उशीवर गजर लावून बसायचं. पहिल्यांदा चार मिनिटं. मग सहा. एकदा बारा झाली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा पाचावर आले, तेव्हा मी ती उशी भिंतीवर फेकली. फिजिओ म्हणाली, असंच होणार, सरळ रेषेत बरं होत नाही हे. मला सरळ रेषाच हवी होती. लग्नाला दोन महिने राहिले होते.

महिना उरला तेव्हा जाऊ साडी दाखवायला आली. कन्यादानाला बसायचं म्हणून तिने मोतिया रंगाची पैठणी घेतली होती. ती हॉलमध्ये नेहमीसारखी मांडी घालून बसली आणि साडी उलगडून म्हणाली, "ताई, पदर बघा ना."

मी उभ्या उभ्या तो पदर बघितला आणि माझा तोल सुटला. "छान आहे. तूच नेस, तूच बस. तुझं काय, तुला आयुष्यभर बसायलाच मिळालंय. इथे मी जीव तोडून पंधरा मिनिटं बसायला शिकतेय. आणि कंबर-बिंबर काही नाही माझी. खाली दुखतं. लघवीच्या जागेमागे. नस आहे तिथली. सांग आता सगळ्या टिटवाळ्याला."

तिने साडीची घडी घातली. घडी घालायला तिला फार वेळ लागला. मग म्हणाली, "माझे गुडघे दुखत नाहीत."

मी तिच्या मांडीकडे बघितलं.

"धाकट्याच्या बाळंतपणापासून अंग खाली येतं माझं, पिशवी उतरते. अर्धा तास उभी राहिले की ओढल्यासारखं होतं, नंतर हाताला लागतं. म्हणून बसते मी. काय सांगणार? गुडघे म्हटलं." तिने नाक ओढलं. "तुम्ही ओट्याशी पहाटेपासून ताठ उभ्या. सगळे म्हणणार, मोठीचं बघा, पाय मोडेस्तोवर काम करते, आणि धाकटी बसून ऑर्डरी सोडते. जळायचे मी तुमच्यावर, ताई. एकदा तर तुमच्या सारणात वेलची कमी होती, तेव्हा इतकं बरं वाटलेलं मला."

गुडघे दुखणारी बाई दिवसभर मांडी घालून बसते आणि कंबर दुखणारी बाई दिवसभर ओट्याशी उभी राहते, यात काहीतरी गडबड आहे हे घरातल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्हा दोघींच्याही नाही. आम्ही आपापलं लपवण्यात आणि दुसरीचं मोजण्यात गुंग होतो. मी वेलचीचं कबूल केलं. ती हसायला लागली आणि हसता हसता एकदम थांबून म्हणाली, "नको, हसले की पण त्रास होतो."

पुढच्या आठवड्यात मी तिला माजिवड्याला घेऊन गेले. फिजिओने तिला नेमका आवळायचा व्यायाम दिला आणि मला सोडायचा. तिला पंधरा दिवसांतच फरक जाणवायला लागला. माझे आकडे वीस मिनिटांवर अडून बसलेले. खोटं कशाला बोलू, मला पुन्हा हेवा वाटला.

लग्न कल्याणच्या एका हॉलमध्ये होतं. गुरुजींशी बोलून ठरलं की आधीच्या विधींना दीर-जाऊ बसतील आणि प्रत्यक्ष कन्यादानाला आम्ही नवरा-बायको. मी पाटावर खाचेची उशी ठेवली, मांड्यांखाली टॉवेलच्या दोन गुंडाळ्या घेतल्या आणि बसले. फिजिओने सांगितलं होतं, पाठीला आधार घ्या, म्हणजे खालचा भार हलका होईल. पण मांडवाच्या मधोमध भिंत कुठून आणायची, हे तिलाही सुचलं नव्हतं आणि मलाही.

दहा मिनिटांत निखारा पेटला. गुरुजींचे मंत्र चालूच. मी मूठ आवळायला लागले आहे हे मला कळत होतं आणि सोडता येत नव्हतं. तेवढ्यात पाठीला काहीतरी टेकलं. जाऊ येऊन माझ्या मागे उभी राहिली होती. मोतिया पैठणी नेसून, दोन्ही पाय रोवून. वाकून माझ्या कानात म्हणाली, "टेका. पूर्ण टेका."

मी तिच्या नडग्यांना पाठ टेकवली. श्वास सोडला.

कुणीतरी तिला खुर्ची आणून दिली. तिने नको म्हटलं. मुलीच्या हातावर माझा हात, त्यावरून पाण्याची धार चालली होती, आणि माझ्या पाठीला तिचे पाय थरथरताना लागत होते. आधी थोडे, मग चांगलेच. अर्धा तास कधीच उलटून गेला होता. तो अर्धा तास म्हणजे काय, हे त्या भरल्या मांडवात मला एकटीलाच माहीत होतं.

मी बसले होते. अडीच वर्षं ज्याच्यासाठी जळले ते मला मिळालं होतं, माझ्या मुलीचा हात मीच दिला होता. आणि तरी मला तिचाच हेवा वाटत होता. मला आयुष्यात कुणासाठी असं उभं राहता आलं नव्हतं.